आहुप्याच्या न्हाणीत दिवा का नको?

डोंगरातल्या घरात न्हाणीच्या छताला ऊब देणारा दिवा बसवायचा विषय निघाला की तीन आक्षेप हमखास पुढे येतात. पहिला मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्याचा: इथल्या माणसांना थंडीची सवय असते, ही शहरी चैन कशाला? दुसरा घरातल्या जाणत्यांचा: चूल आहे की, तिच्यावर पाणीही तापतं आणि अंगही. तिसरा सगळ्यांचाच: जिथे पाणी तिथे वीज नेणं म्हणजे मरणाला बोलावणं. ऐकायला तिन्ही शहाणपणाचे वाटतात. आहुप्यासारख्या गावात नेऊन तपासले तर पहिला खोटा निघतो, दुसऱ्याचा काळ सरलेला दिसतो आणि तिसरा अर्धा खरा ठरतो. अर्धा खरा असल्यामुळेच तो सगळ्यांत जास्त नुकसान करतो.

आहुपे हे आंबेगाव तालुक्याचं पश्चिम टोक. मंचरहून घोडेगाव, तिथून डिंभे आणि मग धरणाच्या पाण्याला वळसे घालत घोड नदीच्या उगमाकडे चढत गेलं की सह्याद्रीची धार येते. त्या धारेपुढे जमीन संपते. खाली मुरबाडकडे गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात आणि आहुपे घाटाची जुनी पायवाट खोपिवलीकडे उतरते. वस्ती महादेव कोळ्यांची, शेजारी भैरवनाथाची देवराई आणि हिरड्याचं रान. पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही, ढग घरात शिरतात, वाळत घातलेलं लुगडं तिसऱ्या दिवशीही ओलंच असतं. थंडीत पहाटे धारेवरून वारा सुटतो आणि पत्र्याखालच्या फटीतून थेट न्हाणीत घुसतो. अशा ठिकाणी ओल्या अंगाने उभ्या असलेल्या सत्तरीतल्या माणसाला सवयीचे गोडवे ऐकवणं सोपं आहे, विशेषतः ते ऐकवणारा दुपारी एसटीने परत जाणार असेल तर.

सवय म्हणजे काय, हे आधी पाहू. कामात असलेलं, खातंपितं, तरुण शरीर थंडीशी बऱ्यापैकी जुळवून घेतं, हे खरं. पण वय वाढलं की कातडीखालच्या रक्तवाहिन्यांची आकुंचन-प्रसरणाची चपळाई कमी होते, स्नायू घटतात, कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची ताकद मंदावते. गार हवेत कपडे उतरवले की रक्तदाब चढतो, अंगावर कढत पाणी पडलं की तो उतरतो. हा झोका म्हाताऱ्या हृदयाला परवडत नाही. जपानमध्ये या प्रकाराचा बराच अभ्यास झाला आहे. तिथल्या एका अंदाजानुसार अंघोळीशी निगडित अचानक मृत्यूंची संख्या वर्षाला १९ हजारांच्या घरात जाते. ते मृत्यू प्रामुख्याने हिवाळ्यात आणि प्रामुख्याने वृद्धांचे होतात, आणि थंड न्हाणीघर हे त्यामागचं एक ठळक कारण मानलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये घर आणि आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान किमान १८ अंश असावं, असं त्यात म्हटलं आहे. सवयीचा दाखला देऊन तो आकडा डोंगरातल्या माणसांसाठी खाली आणायला त्यात कुठे सूट दिलेली नाही.

आणि ऊब ही शहरातून आलेली कल्पना कधीपासून झाली? बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवणारा, तान्ह्याला तेल चोळून कढत पाण्याने न्हाऊ घालणारा, लगेच गुंडाळून धुरी देणारा समाज शहरी नव्हता. अंघोळ आणि शेक ही जोडी मराठी घरात फार जुनी आहे. आजही प्रसूतीची सोय असलेल्या सरकारी दवाखान्यात नवजात बाळासाठी जो कोपरा राखलेला असतो, तिथे वरून उष्ण किरण सोडणारा रेडियंट वॉर्मर असतो. म्हणजे सरकारी वैद्यकाला ऊब ही गरज वाटते. तीच आई बाळाला घेऊन घरी आली आणि स्वतः गारठलेल्या न्हाणीत उभी राहिली, की त्याच उबेला चैन म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

दुसरा आक्षेप अधिक आदराने घ्यायला हवा, कारण तो अनुभवातून आला आहे. जुन्या कौलारू, कुडाच्या घरात न्हाणी चुलीपासून फार लांब नसे. पाणी जिथे तापे त्याच्या आसपासच अंघोळ उरके, भिंती मातीच्या असत, जमीन सारवलेली असे. धूर डोळ्यांत जायचा, पण अंगही शेकायचं. ती व्यवस्था चालत होती, कारण घराची रचनाच तशी होती.

ती रचना आता राहिलेली नाही. घरकुल योजनांमधून सिमेंटची घरं उभी राहिली, २०१४नंतर स्वच्छ भारत अभियानाने शौचालयं आणली आणि अंघोळीची जागा बऱ्याच घरांत त्याच बाजूला, चुलीपासून दूर, बाहेरच्या अंगाला सरकली. याच खोऱ्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांसाठी आमडे इथे जे गाव वसवलं तेही पक्क्या बांधकामाचं. पक्कं घर हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण सिमेंटची भिंत आणि फरशी ओल्या पायाखाली मातीपेक्षा कितीतरी गार लागते, आणि आता शेजारी चूल नाही. घर बदलताना न्हाणीतली ऊब कुणी मोजलीच नाही. ग्रामीण पंतप्रधान आवास योजनेच्या निकषांत घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे आणि त्यात स्वयंपाकाच्या जागेचा स्वतंत्र उल्लेख आहे. न्हाणीतल्या उबेचा विचार कुठल्या अंदाजपत्रकात आला असेल, अशी शंकाही घ्यायचं कारण नाही. तेव्हा ‘चूल आहे की’ हे उत्तर ज्या घराला लागू होतं, ते घर पाडून बरीच वर्षं झाली.

बरं, चुलीचा हिशोबही एकदा मांडू. २० लिटरची बादली १८ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे २,००० किलोज्यूल उष्णता लागते. एक किलो वाळलेल्या लाकडात १५ हजार किलोज्यूलच्या आसपास असतात, पण साध्या चुलीत त्यातले दहा-पंधरा टक्केच भांड्यापर्यंत पोचतात. म्हणजे बादलीमागे साधारण किलोभर सरपण. पाच माणसांच्या घरात रोज पाच किलो, आणि ते आणणारी डोकी बहुतेक बायकांची. पावसाळ्यात सरपण दमट, धूर दुप्पट. स्वयंपाकाच्या धुराने होणाऱ्या घरातल्या प्रदूषणापायी २०२०मध्ये जगभरात ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सरपण फुकट असतं असं म्हणणाऱ्याने एकदा भारा डोक्यावर घेऊन ती चढण चढावी.

ऊब देणारा दिवा पाणी तापवत नाही, तेव्हा तो चुलीची जागा पूर्ण घेणार नाही, हे मान्य. श्रावणात वादळाने तार तुटली आणि चार दिवस वीज आली नाही, तर चूलच पेटवावी लागेल, हेही मान्य. मात्र चुलीची उणीव भरून काढायला निखाऱ्यांची शेगडी दार लावलेल्या न्हाणीत नेऊन ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत काही कळत नाही. शहरांत खिडकी बंद करून गॅस गिझर वापरणाऱ्यांचे जीव याच वायूने घेतले आहेत. जळणारी कुठलीही वस्तू हवा मागते, थंडीत माणूस फटी बुजवतो, आणि या ओढाताणीत अपघात होतो. विजेच्या दिव्याला हवा लागत नाही. फटी उघड्या राहिल्या तरी त्याचं काम चालतं.

इथेच त्याची खरी उपयुक्तता आहे, आणि ती आहुप्याच्या न्हाणीला चपखल बसते. ब्लोअर हवा तापवतो. पत्र्याखालून वारा खेळणाऱ्या खोलीत ती हवा मिनिटभरात बाहेर जाते आणि पैसे वाऱ्यावर जातात. अवरक्त किरणांचा दिवा हवेच्या भानगडीत पडत नाही. त्याने घेतलेल्या विजेतला सुमारे नव्वद टक्के भाग अदृश्य उष्ण किरणांच्या रूपाने बाहेर पडतो आणि ज्या अंगावर पडतो ते अंग तापवतो, बटण दाबल्यावर काही सेकंदांत. अंघोळीनंतर कातडीवर ५० ग्रॅम पाणी राहिलं, तर ते वाळताना १२० किलोज्यूलच्या आसपास उष्णता शोषून नेतं. हुडहुडी भरते ती त्यामुळे. २५० वॅटचा एक दिवा आठ मिनिटांत तेवढीच ऊर्जा देतो. चीनमध्ये यांग्त्से नदीच्या खोऱ्यात हिवाळा ओलसर आणि बोचरा असतो, पण उत्तरेसारखी घरं तापवणारी सार्वजनिक व्यवस्था नसते. तिथल्या लाखो न्हाणीघरांत छताला असे २७५ वॅटचे चार-चार दिवे लावलेले आहेत. ऑस्ट्रेलियात तर हे दिवे कित्येक दशकं घरोघरी आहेत. ओल्या खोलीत वीज नेणं मुळातच अशक्य असतं, तर हे घडलं नसतं.

आता तिसरा आक्षेप, पाणी आणि वीज. भीती खोटी नाही. भारतात अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्याने दर वर्षी दहा हजारांहून अधिक माणसं मरतात. पण भीतीचा रोख चुकला आहे. छतावर, हाताच्या आवाक्याबाहेर असलेल्या दिव्याला जी माणसं नाक मुरडतात, त्यांच्याच घरात प्लास्टिकच्या बादलीत १,५०० वॅटचा रॉड उभा असतो. त्याची तार ओल्या फरशीवरून एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत गेलेली असते आणि पाणी तापलं का, हे बोट बुडवून पाहिलं जातं. रॉडची सवय झाली आहे, म्हणून तो सुरक्षित वाटतो. दिवा नवा आहे, म्हणून तो जीवघेणा.

खरा प्रश्न दिव्याच्या मागच्या तारेचा आहे. खेड्यातल्या बहुतेक घरांना स्वतःचा अर्थिंगचा खड्डा करावा लागतो. सह्याद्रीच्या माथ्यावर मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण. कोळसा-मीठ घालून पुरलेली पट्टी पावसाळ्यात बरी चालते, उन्हाळ्यात जमीन सुकली की तिचा रोध चढतो. समजा तो ५० ओहम झाला. उपकरणाच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी एवढ्याने पडत नाही. ती बापडी समजते की कुणीतरी इस्त्री लावली आहे. उपकरणाचं अंग जिवंतच राहतं आणि ओला हात लागायची वाट पाहतं. काही ठिकाणी फ्यूजमध्ये जाड तार अडकवलेली असते, तिथे तर विचारायलाच नको. अर्थिंग जमत नाही म्हणून सॉकेटमधली अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देण्याची जी युक्ती चालते, ती त्याहून भयंकर. खांबावरून येणारी न्यूट्रल तुटली की घरातल्या प्रत्येक धातूच्या उपकरणावर फेज येऊन बसतो.

यावर उत्तर आहे आणि ते नवं नाही: ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. गेलेला आणि परतलेला प्रवाह ती सतत ताडून पाहते. फरक दिसला की वीज तोडते. ओल्या माणसाच्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर जातील, हृदय थांबवायला पुरेसे. पण दीडशे मिलिअँपिअरच्या वर गळती गेली की चांगली आरसीसीबी ४० मिलिसेकंदांच्या आत सुटते, हृदयाच्या एका ठोक्याहून कितीतरी आधी. ५० ओहमचं कमकुवत अर्थिंगही तिला चालतं, कारण तिला पाडायला अँपिअर लागत नाहीत. तिच्यावर आयएस १२६४० हा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह पाहून घ्यावं, आणि महिन्यातून एकदा तिचं ‘टेस्ट’ बटण दाबावं. दाबूनही पडली नाही तर ती शोभेची आहे.

म्हणून ‘पाणी तिथे वीज नको’ हा सल्ला अर्धा खरा. त्यातून दिवा तेवढा नाकारला जातो, आरसीसीबी कुणी बसवत नाही आणि रॉड चालूच राहतो.

विरोधकांइतकाच समाचार उत्साही मंडळींचाही घ्यायला हवा. ‘लाल बल्ब आणला, लावला, झालं’ हा त्यांचा खाक्या. कुक्कुटपालनात पिल्लांना ऊब द्यायला १५० आणि २५० वॅटचे लाल दिवे वापरतात. ते बाजारात सहज मिळतात आणि तेच उचलून न्हाणीत टांगण्याचा मोह होतो. त्यातले स्वस्त दिवे मऊ काचेचे असतात. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक शिंतोडा उडाला तरी ती तडकते आणि गरम चुरा खाली उभ्या असलेल्या उघड्या अंगावर पडतो. न्हाणीसाठी दाबून घडवलेल्या कठीण काचेचा, ज्याला दुकानदार हार्ड ग्लास म्हणतात, तोच दिवा घ्यावा, त्याला पुढून जाळी असावी. नेहमीचा बॅकेलाइटचा किंवा प्लास्टिकचा होल्डर अडीचशे वॅटच्या उष्णतेने वितळतो किंवा ठिसूळ होतो, चिनी मातीचाच हवा. सुट्या दिव्याऐवजी तयार संच घेतला तर त्यावर आयपीएक्स४ किंवा त्याहून वरची खूण असायला हवी. चारही बाजूंनी उडणारं पाणी आत जात नाही, असा तिचा अर्थ आहे. ती खूण नसेल तर खोक्यावर कितीही सुंदर न्हाणीघराचं चित्र असो, संच परत करावा.

मग जागा. आंतरराष्ट्रीय वायरिंग नियमांत अंघोळीच्या जागेवर जमिनीपासून सव्वादोन मीटरपर्यंतचा भाग धोक्याचा पट्टा मानला जातो, आणि त्याच्या बाजूचा आणखी ६० सेंटिमीटरचा भाग त्याखालोखाल. बाहेरच्या अंगाला बांधलेल्या पुष्कळ न्हाण्यांची उंचीच तेवढी नसते, वर पत्रा आणि त्याखाली लाकडी वासा. अशा ठिकाणी दिवा अंघोळीच्या डोक्यावर बसवू नये. तो अंग पुसायच्या, कपडे घालायच्या जागेवर, दाराच्या बाजूला बसवावा. तोटा काहीच नाही, कारण अंगावर कढत पाणी पडत असताना थंडी वाजत नाही, ती तांब्या खाली ठेवल्यावर वाजते. लाकूड, प्लास्टिकचं छत, वाळत घातलेले कपडे यांच्यापासून दिवा लांब असावा, आणि त्याच्यावर पंचा वाळवण्याची कल्पना घरातल्या सगळ्यांच्या डोक्यातून काढून टाकावी. बटण न्हाणीच्या बाहेर, तार तीन पदरी, सरळ बोर्डापासून आणलेली. चार दिव्यांचा १,१०० वॅटचा संच पाच अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. तो गिझर किंवा रॉडसोबत एकाच सॉकेटवर लादू नये. हे काम परवानाधारक वायरमनचं आहे, घरातल्या हुशार मुलाचं नव्हे.

वापराचेही दोन-तीन नियम आहेत. दिव्याकडे टक लावून पाहायचं नाही. तापलेल्या दिव्याला ओला हात लावायचा नाही. आणि तान्ह्या बाळाला त्याच्याखाली धरून ठेवायचं नाही. दवाखान्यातल्या वॉर्मरला बाळाच्या कातडीवर चिकटवायचा तापमापक असतो, तापमान वाढलं की वॉर्मर उष्णता कमी करतो आणि ओरडतो. घरातल्या दिव्याला असं काहीच नसतं आणि बाळाची कातडी भाजायला वेळ लागत नाही. बाळासाठी खोली आधी थोडी उबदार करून घ्यावी, दिवा बंद करावा, मग न्हाऊ घालावं. पायात संवेदना कमी असलेल्या मधुमेही म्हाताऱ्यांनाही दिव्याच्या अगदी जवळ बसवू नये. संध्याकाळी विजेचा दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला तर दिव्याची ऊब जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटते. म्हणून दिवा खाली ओढायचा नाही, अंघोळ दुपारी उरकायची.

राहिला खर्च. २७५ वॅटचे दोन दिवे दहा मिनिटं लावले तर ०.०९ युनिट वीज जळते. वर हिशोब केलेल्या त्या एका बादलीला रॉडने तापवायला ०.५६ युनिट लागतं. म्हणजे ज्याला चैन म्हणून हिणवलं जातं ती पाण्याच्या खर्चाच्या सहाव्या हिश्शाइतकीही नाही. महाग आहे ती सुरक्षितता: आरसीसीबीला साधारण दीड ते अडीच हजार रुपये, वर अर्थिंगची मजुरी. घरकुलासाठी डोंगरी भागात मिळणाऱ्या १ लाख ३० हजारांच्या मूळ अनुदानातून विटा, सिमेंट आणि डिंभ्यापासून वर चढवलेल्या वाळूचं भाडं भागवताना घरमालकाची दमछाक होते. त्याने हे दोन हजार स्वतःहून बाजूला काढावेत, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ज्या अंदाजपत्रकात शौचालयासाठी १२ हजारांची तरतूद बसते, त्यात एका आरसीसीबीला आणि एका चांगल्या अर्थिंगच्या खड्ड्याला जागा करणं अवघड नाही. ग्रामसभेने ठराव करून मागावं असं हे काम आहे, आणि मंजुरी देणाऱ्यांनी नाही म्हणायचं तर कारण लिहून द्यावं.

हे होईपर्यंत घरापुरता क्रम असा: आधी अर्थिंग, मग आरसीसीबी, मग बादलीतल्या रॉडची रवानगी, आणि शेवटी छतावरचा दिवा. हातात पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर दिवा पुढच्या हिवाळ्यावर ढकलावा आणि आरसीसीबी या आठवड्यात बसवावी. दिव्याला विरोध करणाऱ्यांच्या घरात ती आहे का, हेही त्याच वायरमनला बघायला सांगावं.